आडरानातलं भूत कुणाच्या सोयीचं?

मराठी भूतकथेचा सांगाडा एकदा उघडा करून बघा. शहरातला साहेब. शेवटची एसटी. धो धो पाऊस. कोसावर एकच दिवा. वाटेत काळा म्हातारा अडवतो, 'नका जाऊ सायेब.' साहेब हसतो, जातो, मरतो. म्हातारा पुढच्या पानावर गायब. त्याला नाव न्हाई, तो काय खातो त्याचा पत्ता न्हाई.

ही युक्ती उसनीच. १८९७ च्या 'ड्रॅक्युला'त इंग्रज वकील डोंगरात निघतो, तिथली खेडूत बाई त्याच्या गळ्यात क्रूस घालते. संपलं तिचं काम.

कारण उघड आहे. जिथं दवाखाना आहे, हाकेला चार माणसं येतात, तिथं भूत टिकत नाही. लेखकाला एकटं गाव लागतं. ते एकटं पाडलं कुणी, हे लिहायच्या वेळी त्याची शाई सरते.

चला जव्हारच्या शिरपामाळावर. सुरतेला जाताना शिवाजी महाराज इथं थांबले, जव्हारच्या राजानं शिरपेच दिला, म्हणून शिरपामाळ, असं सांगतात. १६६४ साली सुरत लुटायला फौजेला ह्या डोंगरातून वाट मिळाली. ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या मोखाड्यात मर्कटवाडीच्या बाळंतिणीला मिळाली नाही. जुळी झाली, दोन्ही लेकरं गेली. रक्त वाहणाऱ्या बाईला डोलीत घालून चिखलातून नेली. देशात स्वातंत्र्याची पंच्याहत्तरी चालू होती! त्याआधी १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं मेली. कुठल्या हडळीनं खाल्ली ती?

पोर मेलं की कारण लागतं. डॉक्टर नसला की भगत कारण देतो: अमकी भुताळी. अमकी म्हणजे बहुतेकदा एकटी बाई, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा. मग तिला मारहाण. तिला असं ठरवणं गुन्हा आहे म्हणणारा कायदा आला २०१३ साली, तोही दाभोलकरांचा खून पडल्यावर. आणि आमचे कथाकार तीच बाई केस सोडून दिवाळी अंकात उभी करतात.

आमचं तरी काय वेगळं? मसणवट गावाबाहेर, महारवाडाही गावाबाहेर. भूत आणि आम्ही शेजारी. कुणी मेलं की मौतीचा सांगावा घेऊन रातोरात परगावी धावायचं काम महाराचं. किर्र अंधार, पायात काही नाही. त्या वाटेवर आमच्या आज्याला भुतानं कधी धरलं न्हाई. उशीर झाला की पाटलानं धरलं. ही भयकथा कुणी लिहिली?

पुढच्या कथेत त्या म्हाताऱ्याला बोलू द्या. तो 'नका जाऊ' म्हणायचा न्हाई. तो म्हणेल, सायेब, गाडी आणलीच हाय तर माझ्या पोरीला तेवढी दवाखान्यात सोडा.