उत्तानपादाला जाब कोण विचारणार?

मुलांनी घर सोडून रानात पळावे, झाडाखाली निजावे, कंदमुळांवर राहावे, या कल्पनेचे आपल्याला मोठे अप्रूप आहे. मूल निसर्गाच्या ओढीने घराबाहेर पडते, असे मानणे सोयीचे असते. मग घराची झडती घ्यावी लागत नाही.

घर सोडून वनात गेलेला आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध बालक म्हणजे ध्रुव. पाच वर्षांचे ते पोर वनशोभा पाहण्यासाठी मधुवनात गेले नाही. सुरुचीने त्याला पित्याच्या मांडीवर बसू दिले नाही आणि राजा उत्तानपाद मुकाट बसून राहिला, म्हणून गेले. भागवतात हाच राजा पुढे नारदासमोर आपल्या निर्दयतेची कबुली देतो. परंतु आपण मुलांना अढळपद तेवढे सांगतो. बापाचे मौन वगळतो.

आजचा ध्रुव वनात नव्हे, फलाटावर जातो. सुलतान बाजारापासून जवळच असलेल्या काचीगुडा स्थानकावर मराठवाड्यातून गाड्या येतात. घर सोडलेल्या मुलाला अशा स्थानकात नारदच भेटेल याची शाश्वती नाही. कामाला जुंपणारा दलालही भेटू शकतो.

कायदे नाहीत असे नव्हे. १०९८ ही मुलांसाठीची दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शाळेतील मारहाण व मानसिक छळ यांना मनाई केली. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार निराधार सापडलेले मूल २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते, आणि पालक त्याचा सांभाळ करण्यास योग्य आहेत का, हेही पाहावे लागते. तथापि, शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाला ठाऊक असते की, ‘पालकांच्या स्वाधीन केले’ हा शेरा पडला की कागद निकाली निघतो. मुलाचा प्रश्न निकाली निघतोच असे नाही.

‘मार खाऊनच आम्ही घडलो’, असे ज्येष्ठ मंडळी सभांतून अभिमानाने सांगतात. जे त्या माराने घडले नाहीत, पळाले, ते सांगायला सभेला येत नाहीत.

म्हणून परत आणलेल्या मुलाला ‘का पळालास?’ असे दरडावण्यापूर्वी घराला विचारावे : याला मांडीवर जागा का मिळाली नाही? आणि आपण लेखकांनीही वनाची वर्णने थोडी आवरून एकदा उत्तानपादाविषयी लिहावे.