कायदा उंबरठ्यावर थांबतो, धूर आत राहतो

वह्या तपासताना काही वह्यांना बिडीचा वास येतो. मूल तर ओढत नाही. मग वास आला कुठून? घर एका खोलीचं. तिथेच अभ्यास, तिथेच झोप आणि तिथेच अब्बांची बिडी.

लोकलमध्ये कुणी सिगारेट पेटवली तर आज आपण लगेच हटकतो. हा हक्क आपोआप मिळालेला नाही. मुंबईचे माजी महापौर आणि खासदार मुरली देवरा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी दवाखाने, शाळा, वाचनालये, सरकारी कचेऱ्या, बस-रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. मुद्दा साधा होता: न ओढणाऱ्याने दुसऱ्याच्या धुराची शिक्षा का भोगावी? मग 2003 चा कायदा आला आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नियम आणखी कडक झाले. 200 रुपयांपर्यंत दंड आहे. पण घराच्या आत हा कायदा येत नाही.

केंद्र सरकारच्या तंबाखू पाहणीनुसार 2009-10 मध्ये देशातल्या 52 टक्के लोकांना घरातच धूर सोसावा लागत होता. 2016-17 मध्ये हे प्रमाण 38.7 टक्क्यांवर आलं. घट चांगली आहे, मात्र ही पाहणी 15 वर्षं आणि त्यापुढच्यांची. आपली लहान मुलं या हिशोबात नाहीतच.

आपल्या उपनगरांत एक गोष्ट आणखी बदलली. जोगेश्वरी, घाटकोपरच्या बैठ्या वस्त्यांत माणूस निदान बिडी ओढायला गल्लीत, ओट्यावर बसायचा. आता एसआरएच्या सातव्या मजल्यावर तीनशे चौरस फुटांत, कुठे त्याहून कमी जागेत, दार लावून बसतो. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. "खिडकीत उभा राहून ओढतो," असं सांगतात. पण खिडकी-पंख्याने धूर पुरता जात नाही. तो पडदे, गाद्या, उशांत मुरतो. अशा घरातल्या मुलांना खोकला, दमा, कानाचे आजार जास्त होतात आणि तान्ह्या बाळाच्या जिवालाही धोका असतो.

खरी अडचण माहितीची नाही, बोलायचं कुणी याची आहे. सून सासऱ्यांना कसं सांगणार? मेहमानाला कोण टोकणार? आम्ही पालकसभेत विषय काढला तर अम्मी खाली बघतात. पालकसभेला अब्बा येतच नाहीत! आणि हेच अब्बा रमजानमध्ये तेरा-चौदा तास बिडीला हात लावत नाहीत. म्हणजे जमतं. मग इफ्तारनंतर पहिली बिडी घरातच का पेटते? निदान ती तरी खाली जाऊन ओढावी. सोडायची की नाही हा पुढचा प्रश्न.

आमच्या ओळखीच्या एका घरात दादींनीच नियम केला: पोता जन्मला, आता घरात धूर नको. मुलगा कुरकुरला, पण आईपुढे काय बोलणार? आता तो खाली जातो, आल्यावर हात-तोंड धुऊन कुर्ता बदलतो, मगच बाळाला घेतो. त्यांच्या इमारतीची लिफ्ट वरचेवर बंद असते. पाच मजले कितीदा उतरणार? दिवसाचं बंडल आता दोन दिवस पुरतं.