रिकाम्या बाजारातलं पहिलं दुकान

नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली की कंपनीला सगळ्यात आधी गेम लागतात. कॅमेरा झकास, स्क्रीन भारी, पण बसमध्ये किंवा शेवटच्या बाकावर खेळायला काहीच नाही, असा फोन घेणार कोण? आणि फोनच कुणी घेत नसेल तर त्याच्यासाठी गेम बनवणार कोण? आधी कोंबडी की आधी अंडं, हा प्रश्न सोडवायला कंपन्या मग डेव्हलपरचे लाड सुरू करतात. स्पर्धा, फुकट फोन, रोख पैसे! २०१३च्या जानेवारीत ब्लॅकबेरी १० येण्याआधी कंपनीने मंजूर झालेल्या प्रत्येक अ‍ॅपमागे १०० डॉलर देऊ केले, तेव्हा दीड दिवसात सुमारे १५,००० अ‍ॅप जमा झाली. त्यातली कितीतरी अँड्रॉइडवरून उचलून आणलेली. दुकान भरलं, गिऱ्हाईक मात्र आलं नाही.

आता पुन्हा तोच खेळ चीनमध्ये रंगलाय. हुआवेने ऑक्टोबर २०२४मध्ये हार्मनीओएस नेक्स्ट आणली. तिच्यावर अँड्रॉइडची अ‍ॅप थेट चालत नाहीत, आर्कटीएससारखी नवी भाषा शिका म्हणतात. अशा बातम्या वाचल्या की आपल्याकडे कॉम्प्युटरच्या मुलामुलींचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘आत्ताच घुसू, गर्दी नाही.’ दुसरा म्हणतो, ‘कशाला? उद्या बंद पडलं तर?’ आमच्या मते दोघंही अर्धंच बोलतात.

विंडोज फोन ७ची गोष्ट बघा. २०१०मध्ये तो आला, तेव्हा गेमसाठी मायक्रोसॉफ्टने एक्सएनए हे साधन दिलं. भाषा सी-शार्प, म्हणजे कॉलेजात शिकलेलीच. तोच कोड थोड्या फेरफाराने एक्सबॉक्सवरही चालायचा. स्टोअरची वर्षाची फी ९९ डॉलर, पण ड्रीमस्पार्कमधून आलेल्या विद्यार्थ्यांना माफ. गर्दी कमी, त्यामुळे नवख्याचा गेमही लोकांच्या नजरेस पडण्याची शक्यता जास्त. आणखी काय पाहिजे?

खरी शिकवणी मात्र पुढे होती. गेम रंगात असताना खेळणारा स्टार्टचं बटण दाबून बाहेर पडला की सिस्टीम तुमचा गेम सरळ बंद करून टाकायची. मायक्रोसॉफ्टने त्याला नावही काय दिलं होतं, तर ‘टूमस्टोनिंग’, म्हणजे थडग्याचा दगड बसवणं! खेळणारा परत आला की त्याला तोच डाव, तोच स्कोअर दिसला पाहिजे. ते सगळं जपून ठेवायचं काम तुमचं. बॅकचं बटण नीट चाललं पाहिजे. फोनवर आधीच गाणं चालू असेल तर न विचारता ते बंद करून आपलं संगीत वाजवायचं नाही. हे जमलं नाही तर तपासणीत गेम परत. पीसीवर ‘चालतोय की’ म्हणून कॉलर ताठ करणाऱ्यांची इथे जिरायची. आणि ते बरंच व्हायचं, कारण ग्राफिक्स दाखवून मित्रांवर इम्प्रेशन मारता येतं, पण गेम फोनवर टिकतो तो असल्या कंटाळवाण्या कामांमुळे.

मग २०१२ उजाडलं. विंडोज फोन ८ आला आणि जुन्या फोनना तो मिळणार नाही हे जाहीर झालं. जुने गेम चालत राहिले, पण नव्या सोयी एक्सएनएला मिळाल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षी तर त्याची नवी आवृत्ती येणार नसल्याचंच स्पष्ट झालं. ज्यांनी ‘मला एक्सएनए येतं’ एवढंच शिकून घेतलं होतं ते अडकले. पण काही लोकांनी तीच कोड लिहायची पद्धत मोनोगेम नावाने ओपन सोर्समध्ये जिवंत ठेवली. ‘स्टारड्यू व्हॅली’ ऐकलंय ना? एरिक बॅरोन या एकट्या माणसाने तो एक्सएनएवर बांधला, २०१६मध्ये आणला आणि नंतर मोनोगेमवर नेला. विंडोज फोन गेला, त्या पद्धतीने लिहिलेला खेळ आजही खेळला जातोय.

आपल्या देशातलं उदाहरणही आहे. सॅमसंगने टायझेनवरचा पहिला स्मार्टफोन, झेड-१, जानेवारी २०१५मध्ये भारतातच उतरवला. किंमत ५,७०० रुपये. २०१७च्या झेड-४नंतर त्या मालिकेत फोनच आला नाही.

म्हणून नव्या सिस्टीमवर गेम करायचा तर खुशाल करा, फक्त घर बांधायला जाऊ नका, तंबू ठोका. चेंडू किती उसळणार, शत्रू कधी येणार, गुण कसे मोजायचे हा भाग एकीकडे. स्पर्श, आवाज, स्टोअर, जाहिराती हा सिस्टीमशी बांधलेला भाग दुसरीकडे. तंबू हलवायची वेळ आली की दुसराच तेवढा नव्याने लिहायचा. आणि गेम छोटा ठेवा. तीन महिन्यांत पुरा होणारा. सहा जणांनी मिळून सुरू केलेलं अर्धवट ‘ओपन वर्ल्ड’ आपण दरवर्षी प्रोजेक्टच्या प्रदर्शनात बघतोच.

बक्षिसाची रक्कम बघून सिस्टीम निवडू नका. कंपनीने आधीच्या डेव्हलपरचं काय केलं ते आधी शोधा. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि हो, गेम चालू असताना मध्येच फोन आला तर काय होतं ते व्हायव्हाच्या आदल्या रात्री एकदा करून बघा. एक्स्टर्नल समोर बसले की नेमका तेव्हाच घरून फोन येतो.