चार्ज आहे, तरी फोन बंद का?

२० टक्के चार्ज दिसतोय, पण कॅमेरा उघडताच फोन बंद? बॅटरीचा अंतर्गत अडथळा, म्हणजे इम्पीडन्स, वाढलेला असू शकतो. प्रयोगशाळेत बॅटरीतून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचा अगदी लहान एसी करंट सोडून तो मोजतात. आलेखात साधारण अर्धवर्तुळ उमटतं. ते मोठं झालं, की इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरचा अडथळा वाढला असं समजतात.

पण थंडीतही ते मोठं होतं! म्हणून तुलना करताना तापमान आणि चार्ज सारखेच हवेत.

तुम्हीही शिमल्याच्या थंडीत फोन बंद पडला, तर लगेच बॅटरी बदलू नका. आधी तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तरीही बंद पडत असेल, तर बॅटरी तपासून घ्या. बॅटरी फुगली असेल, तर मात्र चार्जिंगला अजिबात लावू नका.