सोयाबीनची धूळ : उपरणं बांधून भागणार नाही



काढणी तोंडावर आलीय. ओलावा, भाव, पाऊस यावर आपण रोज बोलतो. आज जरा धुळीवर बोलू.

मळणी सुरू झाली की शिंका, डोळ्यांतून पाणी, रात्री ढास. आपण म्हणतो, "धुळीचं काम आहे, चालायचंच." मला हे पटत नाही. सोयाबीनची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. दाण्याच्या सालीत आणि आतल्या पिठात अशी काही प्रथिनं असतात की श्वासावाटे ती आत गेली तर काही जणांना दमा जडतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. काही हंगाम असेच जातात आणि मग त्रास सुरू होतो. सोयाबीन खाऊन काही न होणाऱ्यालाही त्याची धूळ बाधू शकते.

*कुणाच्या वाट्याला किती?*
▪️ मळणीवर : साल, शेंगेवरची लव, माती. पण उघड्यावर आणि थोडे दिवस.
▪️ ग्रेडिंगवरच्या ताई : चाळणीची बारीक धूळ, बंद शेडमध्ये, दिवसभर.
▪️ हमाल : पोतं आपटलं की लोट थेट तोंडावर.
▪️ पेंड, पशुखाद्य, सोयापीठाची गिरणी, बेकरी : बारीक भुकटी, वर्षभर.

म्हणजे पीक आपलं, पण जास्त धूळ दुसऱ्याच्याच छातीत जाते.

ही गोष्ट नवी नाही. सोयापीठाच्या धुळीनं दमा होतो, अशी नोंद अमेरिकेत १९३४ सालीच झाली होती. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या २६ साथी आल्या. एकाच दिवशी कितीतरी लोक दवाखान्यात. शोध घेतला तेव्हा कळलं की बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवून सायलोत भरताना उडणारी धूळ वाऱ्यानं शहरात जात होती. सायलोवर फिल्टर बसवले आणि साथ आटोक्यात आली. गावभर रुमाल वाटून हे झालं नसतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : *धूळ जिथून निघते तिथंच अडवायची.* आपल्या ग्रेडिंग शेडमध्ये नवीन मशिन घेण्याआधी धूळ ओढणारी यंत्रणा बसली पाहिजे. खर्च आहे, मान्य. पण ग्रेडिंग केलेल्या मालाला जो जादा भाव मिळतो, तो त्या ताईंच्या कष्टावर मिळतो. त्यातला काही हिस्सा त्यांच्या श्वासावर खर्च व्हायलाच हवा. वार्षिक सभेत हा विषय सभासदांनी मांडावा, ही विनंती.

*तोपर्यंत एवढं करा :*
✅ मळणी यंत्र असं लावा की भुसकट वाऱ्याच्या दिशेनं, माणसांपासून लांब पडेल.
✅ ओलावा १४ टक्के असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५००, १३ टक्के असेल तर ३०० ते ४००. डाळ कमी होते, साल कमी फुटते, बियाणंही चांगलं राहतं.
✅ उपरण्यातून बारीक धूळ आत जातेच. एन-९५ मास्क वापरा, मजुरांनाही मालकानंच द्यावा.
✅ शेड झाडण्याआधी दारं-खिडक्या उघडा. बुरशी लागलेला माल कोरडा झटकू नका.
✅ लहान मुलं आणि दम्याची माणसं मळणीपासून दूर ठेवा.

कामावर छाती भरते, शिट्टीसारखा आवाज येतो, सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं, असं होत असेल तर दुकानातून खोकल्याचं औषध आणून दिवस काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि *"मी सोयाबीनच्या धुळीत काम करतो"* हे आवर्जून सांगा. न विचारता सांगा, कारण बऱ्याचदा कामाची चौकशी होतच नाही.

हा मेसेज तुमच्या मळणीवाल्याला आणि मुकादमालाही पाठवा.

– आपला कृषी सल्लागार 🌱