व्रतस्थांच्या घरचा पाळणा

दिवंगत पत्रकारांवरील गौरवग्रंथ चाळले की एक आशय हमखास भेटतो: त्यांनी पत्रकारितेचे व्रत जन्मभर जपले आणि सौभाग्यवतींनी घर समर्थपणे सांभाळले. या वाक्यातील ‘आणि’ या उभयान्वयी अव्ययाला आमची हरकत आहे. तेथे ‘कारण’ हवे.

तालुक्याच्या वार्ताहराचेच पाहा. नाममात्र मानधन, जाहिरातींवरचे कमिशन आणि गळ्यात ओळखपत्र. त्याला मूल होते तेव्हा पत्नी माहेरी असते. पहिल्या बाळंतपणाची आपली रीतच बापाला सव्वा महिना, बहुधा त्याहून अधिक, मोकळा ठेवते. ती बाळाला घेऊन परतते आणि मग पेच सुरू होतो. तिन्हीसांजेला मूल किरकिरू लागते, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली तरी थांबत नाही. नेमकी तीच जिल्हा आवृत्तीची पाने लावण्याची वेळ. याला ‘तारेवरची कसरत’ म्हणण्याची पद्धत आहे. हा शब्दप्रयोग मोठा सोयीचा. तोल गेला तर दोष डोंबाऱ्याचा. तार कोणी बांधली, हे विचारायला नको.

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. मातृत्व लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीने आईची रजा 26 आठवड्यांवर नेली. बापाच्या रजेविषयी ती गप्प राहिली. 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याने तर चार आठवड्यांत 144 तासांची कामाची मर्यादा घातली होती. तो कायदा 2025 मध्ये नव्या कामगार संहितांत विलीन झाला. ज्याची नेमणूकच कागदावर नाही, त्याला तो लागू होता की नव्हता, याने काय फरक पडणार?

आपल्या साहित्यिक कल्पनाशक्तीनेही मालकांना हातभार लावला आहे, असे आम्ही म्हणतो. ‘सिंहासन’ (1979) चित्रपटातील दिगू टिपणीस आपल्याला आठवतो तो सत्तेच्या दालनांतून फिरणारा साक्षीदार म्हणून. अशा पुरुषाला रात्री दोन वाजता ओले दुपटे बदलावे लागेल, ही शक्यता आपल्या मनाला शिवत नाही. शिवली तर ती विनोद म्हणून.

बातमी कोणासाठी थांबत नाही, असा आक्षेप येईल. मान्य. परंतु सायंकाळी सातला धाडलेले सत्कारसमारंभाचे छायाचित्र एक दिवस उशिरा छापले असते तर लोकशाहीचे काय बिघडले असते? उलट बाळाला मांडीवर घेऊन उपकेंद्रात बसलेल्या बापाला वेगळेच काही दिसले असते. (बाप होण्याचे समर्थन बातमीत शोधावे लागावे, हेही खेदाचेच.) बीसीजीच्या एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि ती एकदा मिसळली की चार तासांत संपवावी लागते. त्यामुळे पुरेशी बाळे जमली नाहीत तर कित्येकदा कुपी उघडलीच जात नाही. दूरच्या वाडीवरून चालत आलेल्या आईला पुढच्या वेळी या, असे सांगितले जाते. ही बातमी आम्ही तालुक्याच्या पानावर शोधली. सापडले ते लसीकरण शिबिराच्या उद्घाटनाचे छायाचित्र, फीत कापणाऱ्या पाहुण्यांसह.