मूल होत नाही? मग टीबीबद्दलही विचारा, पण सासूबाईंसमोर नको

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. सोनोग्राफी झाली, हार्मोनच्या टेस्ट झाल्या, नवससायासही झाले. अशा काही जणींच्या बाबतीत कारण भलतंच निघतं: टीबी. तोही फुप्फुसाचा नाही, तर गर्भनलिका आणि गर्भाशयाचा.

टीबी तिथे पोहोचतो कसा?

जंतू श्वासातून आधी फुप्फुसात शिरतात. तिथून रक्तावाटे ते गर्भनलिकांपर्यंत जातात आणि वर्षानुवर्षं गप्प बसू शकतात. पुढे नलिका सुजतात, चिकटतात, बंद होतात. मग स्त्रीबीज आणि शुक्राणूंची गाठच पडत नाही. गर्भाशयाच्या अस्तरावर व्रण झाले, तर गर्भ रुजणंही अवघड होतं.

कळतं कसं?

अनेकींना काहीच त्रास नसतो. काहींची पाळी कमी होते किंवा थांबते, ओटीपोट दुखत राहतं. खोकला नसल्यानं टीबीची शंका कुणालाच येत नाही. अस्तराचा नमुना घेऊन सीबीनॅट आणि कल्चर करतात, गरज पडल्यास दुर्बिणीतून तपासतात. एकाच टेस्टवर निदान पक्कं होत नाही. त्यामुळे नुसत्या पीसीआर रिपोर्टवर औषधं सुरू होत असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

उपचार काय?

साधारण ६ महिन्यांचा कोर्स. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात, शिवाय आहारासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात. लवकर पकडला तर मूल होण्याची शक्यता वाढते. नलिका बंद झाल्या पण अस्तर चांगलं असेल, तर आयव्हीएफचा मार्ग उरतो. अस्तरच खराब झालं, तर तोही कठीण.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. आणि ती वाया घालवतो आपणच. मुलीला कॉलेजात असताना टीबी झाला, तर स्थळ हातचं जाईल म्हणून घरचे तो लपवतात. पुढे डॉक्टर विचारतात, ‘पूर्वी टीबी झाला होता?’ शेजारी सासूबाई बसलेल्या. ती मान हलवते, ‘नाही.’ सगळ्यात मोठा धागा तिथेच तुटतो.

डॉक्टरांनी हा प्रश्न तिला एकटीला विचारायला हवा. नवऱ्याची तपासणीही पहिल्याच भेटीत व्हायला हवी. आणि बरा झालेला टीबी हा मुलीचा दोष नाही, हे माहेरानं आणि सासरानं आता मान्य करायला हवं. लपवण्याची किंमत शेवटी तीच मोजते.